दोन प्रवेशपत्रे

पदवी मिळाली की सहलीला निघावे, ही कल्पना आमच्या वसई पट्ट्यात तशी नवीच. मुंबई विद्यापीठाच्या मुलाला निकाल आधी कळतो आणि पदवीदान समारंभ त्यानंतर कित्येक महिन्यांनी होतो. तोवर तो नोकरीला लागून विरारच्या गाडीत एका पायावर उभा राहायला शिकलेला असतो. समारंभासाठी रजा कोण मागणार? घरातला आनंद निकालाच्या दिवशीच होऊन जातो. मिस्सा सांगितली जाते, शेजारी पेढे वाटले जातात. सहल म्हणाल तर वेलंकनी, जुने गोवे, नाहीतर सप्टेंबरात वांद्र्याची मोतमाउली. त्यांचा पदवीशी काही संबंध नसे.

आता मुले परदेशी शिकू लागली आणि समारंभ साऱ्या घराचा झाला. आईवडील प्रथमच विमानात बसणार. एवढे तिकीट काढायचेच तर पॅरिस का नको, रोम का नको, असा हिशेब सुरू होतो. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यात प्रथम ठिकाणे ठरतात आणि माणसे मागाहून मोजली जातात.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाबरोबर आम्ही मुंबईतल्या एका पर्यटन मेळ्याला गेलो. त्यांची कन्या इंग्लंडच्या उत्तर भागात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत आहे. रोम आणि लूर्डसला भाविकांचे गट नेल्याचा थोडा अनुभव आमच्या गाठीशी आहे, म्हणून “फादर, तुम्ही सोबत असलेले बरे” असा आग्रह झाला. आईवडील, धाकटा भाऊ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. या आजींनी तीस वर्षे पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली दादरला नेली आणि नातीच्या फीसाठी वाडीचा एक तुकडा विकला.

मेळ्यात गाळ्यांमागून गाळे, प्रत्येक पडद्यावर बर्फ किंवा समुद्र. हाती गुळगुळीत माहितीपत्रकांची पिशवी मिळते. घरी आल्यावर त्या पिशवीचाच उपयोग अधिक होतो. एका गाळ्यावरील तरुणाने नऊ दिवसांत लंडन, पॅरिस, लूर्डस, रोम आणि मध्ये कुठेतरी पदवीदान असा कार्यक्रम आखून दिला. मुलगा चांगला होता, कामात हुशार होता. पण पॅरिसहून लूर्डस रस्त्याने आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, हे त्याच्या नकाशात दिसत नव्हते.

आम्ही त्याला काही गोष्टी विचारल्या. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा समारंभ अनेक ठिकाणी हिवाळ्यात होतो. या मुलीचा डिसेंबरात आहे. त्या दिवसांत मँचेस्टरसारख्या शहरी दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. लूर्डसची रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक, जिच्यासाठी आमची माणसे आसुसलेली असतात, ती एप्रिल ते ऑक्टोबर दररोज निघते, डिसेंबरात नव्हे. ज्यांच्या मुलांचे समारंभ जुलैत असतात त्यांनी रोमचे ध्यानात ठेवावे: पोप महोदयांची बुधवारची सार्वजनिक भेट त्या महिन्यात बहुधा बंद असते. आणि ती चालू असते तेव्हा तिची प्रवेशपत्रे मोफत मिळतात. पत्रकात त्यांचे पैसे लावलेले दिसले तर अवश्य विचारावे.

व्हिसाचेही तसेच. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्स-इटलीत चालत नाही. तिथे शेंगेन लागतो. अर्ज दोन, शुल्क दोन, पण पासपोर्ट एकच, तेव्हा एकाकडे तो अडकला असेल तर परत येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. ब्रिटनचा अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांपासून करता येतो, शेंगेनचा सहा. समारंभाची तारीख नक्की झाल्यावर एवढे सारे त्या मुदतीत बसवायचे.

इतक्यात त्या तरुणाने विचारले, “समारंभाला किती जण?” वडील म्हणाले, “चार.” तो म्हणाला, “काका, विद्यापीठ बहुधा दोनच पाहुण्यांना प्रवेशपत्र देते. एकदा मुलीला विचारून घ्या.” मुलीला तेथूनच फोन लागला. दोनच होती.

कोणी काही बोलेना. मग आजीच म्हणाल्या, “मी भायेर बसेन. भायेर बाकडं असेल ना?”

लूककृत शुभवर्तमानातला तो प्रवास आम्हांला आठवला. येरुशलेमच्या सणाहून परतताना नातलगांच्या घोळक्यात बारा वर्षांचा येशू असेलच असे समजून योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून गेले. तिथे मागे राहिले ते मूल होते. आमच्या घरांतून आता म्हातारी माणसे मागे राहतात, आणि तीही स्वखुशीने, हसतमुखाने. म्हणून शोधायला परत फिरावे असे कोणाच्या मनात येत नाही.

या घरात मात्र गाडीत परतताना वडिलांनी निर्णय सांगितला. सभागृहात मुलीची आई आणि आजी बसतील. ते स्वतः व मुलगा बाहेर पडद्यावर पाहतील. समारंभ थेट दाखवतात असे मुलीने सांगितले होते. पॅरिस, लूर्डस, रोम तिन्ही गळले. आठ दिवस, एकच शहर, एकच व्हिसा. धाकटा रुसला. त्याला पॅरिसचा तो मनोरा पाहायचा होता, आणि त्याचे रुसणे आम्हांला रास्तच वाटले.

मुलीने प्रबंध नुकताच सादर केला आहे. गेल्या आठवड्यात धर्मगुरुनिवासात अर्ज भरायला बसलो. परत येण्याचा पुरावा म्हणून आजींच्या नावचा सातबारा जोडायचा होता; तुकडा विकूनही सहा गुंठे उरले आहेत. इंग्रजी नसलेल्या कागदाला सहीनिशी भाषांतर लागते, ते करून आणले होते. व्यवसायाच्या रकान्यात सुनेने ‘गृहिणी’ लिहायला घेतले. आजींनी तिचा हात धरला.

“गृहिणी कशी? तीस वर्षं भाजी विकली मी. तेच लिही.”

सुनेने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, लिही, निवृत्त भाजीविक्रेती.