काचीगुड्याचा घुमट आणि करड्या छटा

छायाचित्र-संपादनात ‘लेयर’ म्हणजे एकावर एक रचलेल्या प्रतिमांपैकी एक थर, आणि ‘लेयर मास्क’ म्हणजे त्या थराला जोडलेली, केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांची एक वेगळी प्रतिमा, जी वरच्या थराचा कोणता भाग किती दिसावा हे ठरवते. मास्क जिथे पांढरा असतो तिथे वरचा थर पूर्ण दिसतो, जिथे काळा असतो तिथे तो झाकला जाऊन खालचा थर वर येतो, आणि जिथे करडा असतो तिथे दोन्ही थर कमीअधिक प्रमाणात मिसळतात. नियम एवढाच असल्यामुळे शिकणाऱ्याला हा विषय अर्ध्या तासाचा वाटतो. परंतु मास्क हे स्वतःच एक चित्र आहे आणि त्याचा कस करड्या छटांत लागतो, हे ध्यानात यायला पुष्कळ काळ जावा लागतो.

उदाहरणासाठी हैदराबादच्या काचीगुडा स्थानकाची इमारत घेता येईल. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या माथ्यावर घुमट आणि मिनार आहेत, आणि खाली कमानींची सावली आहे. दख्खनच्या भर उन्हात तिचे छायाचित्र घेताना कमानींच्या आतले दिसावे म्हणून प्रकाश वाढवला तर आकाश पांढरेफटक होते, आणि आकाश राखावे तर कमानी काजळतात. कारण डोळा जेवढा प्रकाशभेद सामावून घेतो तेवढा कॅमेऱ्याला एका टिपणात सामावता येत नाही. म्हणून तिपाई न हलवता दोन छायाचित्रे घेतली जातात, एक आकाशासाठी आणि एक इमारतीसाठी, आणि संपादनात ती एकावर एक ठेवून मास्कने जोडली जातात.

हा पेच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील कलोडियनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या, काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे आकाश त्यांवर गरजेपेक्षा जास्त, आणि पुष्कळदा डागाळलेले, उमटे. तेव्हा निगेटिव्हवर आकाशाच्या जागी अपारदर्शक रंग फासून ती जागा कागदावर स्वच्छ कोरी ठेवण्याची, किंवा फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात केले तसे समुद्र व आकाश दोन निगेटिव्हांवरून एकाच कागदावर छापण्याची रीत पडली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची कारकीर्द काचेच्या निगेटिव्हांच्याच काळातली. काचीगुड्याची इमारत मात्र त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी झाली, त्यामुळे त्या घुमटांचे त्यांनी काय केले असते ही केवळ कल्पनाच उरते.

पुढे छापखान्यांत ‘रुबिलिथ’ नावाची लाल पापुद्र्याची फिल्म आली. नको तो भाग झाकण्यासाठी ती हव्या त्या आकारात कापली जाई, आणि आजही फोटोशॉपमध्ये मास्क चित्रावर पसरून पाहताना तो पारदर्शक लाल रंगात दिसतो, ते तिच्याच आठवणीने. थॉमस व जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, परंतु त्यात थरांची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून झाली. त्याआधी एक प्रतिमा दुसरीवर चिकटवली की खालचे पिक्सेल कायमचे जात.

दिवाळीत अंगणात वापरला जाणारा रांगोळीचा छापाही एका अर्थाने मास्कच आहे, कारण भोक असेल तिथे रांगोळी पडते आणि पत्रा असेल तिथे पडत नाही. मात्र छाप्याला मधली अवस्था ठाऊक नाही. आठ बिटांच्या मास्कमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. समजा, एखाद्या पिक्सेलवर वरच्या थराची उजळता २००, खालच्या थराची १२० आणि मास्कचे मूल्य ६४, म्हणजे पूर्णाच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. तर वरच्याचा पाव हिस्सा आणि खालच्याचा पाऊण हिस्सा मिळून उत्तर सुमारे १४० येते. हाच हिशेब प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळा होतो.

घुमटाच्या कडेवर या हिशेबाची खरी परीक्षा होते. भिंगातून आलेली कोणतीही कड नेमकी रेघ नसते. ती एकदोन पिक्सेल रुंदीत विरघळते, आणि मास्कची कडही तितकीच मऊ असावी लागते. ‘फेदर’, म्हणजे कड पातळ करत नेण्याची सोय, उदारपणे पन्नास पिक्सेल लावली की घुमटाभोवती देवाच्या तसबिरीतल्यासारखे तेजोवलय उमटते, आणि फेदर मुळीच लावले नाही तर घुमट कात्रीने कापून डकवल्यासारखा दिसतो. या दोन चुकांपैकी पहिली अधिक सर्रास आढळते आणि, खेदाची गोष्ट म्हणजे, अनेकांना ती सौंदर्य वाटते.

म्हणूनच अनुभवी संपादक अशी कड ब्रशने काढत बसत नाही. तो ती चित्रातूनच मिळवतो. लाल, हिरवा व निळा या तीन चॅनेलांपैकी, म्हणजे रंगांच्या तीन स्वतंत्र नोंदींपैकी, निळ्यात स्वच्छ आकाश उजळ आणि उबदार रंगाची भिंत तुलनेने गडद असते. त्या चॅनेलची प्रत घेऊन तिच्यातला उजेड-अंधार आणखी ताणला की जवळजवळ तयार मास्क हाती येतो, ज्यात झाडाच्या पानांमधल्या फटी आणि विजेच्या तारासुद्धा आपापल्या करड्या छटेसह उतरलेल्या असतात. ब्रश लागतो तो भिंतीवर आकाशाइतकाच उजळ कवडसा पडला असेल तिथे, आणि तोही कमी दाबाचा, कारण काळ्या रंगाने झाकलेले पुन्हा पांढऱ्याने उघडता येत असले तरी नाजूक छटेवर दिलेला एक जाड फटकारा ती छटा पुसून टाकतो.

मराठी लग्नांच्या अल्बमांत याहून अवघड कामे येतात. मुंडावळ्यांचे मोती, त्यांमागचे सुटे केस आणि हिरव्या शालूच्या पदराची झिरझिरीत कड यांत कुठे थांबावे याला ठरावीक उत्तर नाही. झिरझिरीत पदरातून मागचे खरोखरच दिसत असते, त्यामुळे तिथे करडा मास्क हेच वस्तुस्थितीचे वर्णन ठरते.

थर व मास्क राखायचे तर काम फोटोशॉपच्या पीएसडी किंवा गिंप या दुसऱ्या संपादन-प्रणालीच्या एक्ससीएफसारख्या स्वरूपात जतन करावे लागते. जेपेग स्वरूपात सर्व थर एकजीव होतात आणि मास्क उरत नाही. जुन्या निगेटिव्हची काच उजेडासमोर धरली की आकाशावर फासलेला रंग आणि त्यावरचे ब्रशचे फटकारे शंभर वर्षांनंतरही दिसतात. काचीगुड्याच्या घुमटामागचे आकाश दुसऱ्या छायाचित्रातून आले होते, हे पाठवलेल्या जेपेगमध्ये कुठेही नोंदलेले नसते.