न ठिबकणारी गळती

नांदगांव तालुका पर्जन्याच्या बाबतींत दुर्भागी. गिरणा नदीवरील मोठें धरण याच तालुक्यांत १९६९ सालीं पुरें झालें. परंतु त्याचें सिंचनाचें पाणी बहुतेक खालीं जळगांव जिल्ह्याकडे जातें. आमच्या शेतांची भिस्त गांवतळ्यावर. त्यांतील गाळ मृगापूर्वीं काढून शेतांत पसरावा, म्हणून वडिलांनीं व शेजाऱ्यांनीं वर्गणी करून एक जुना बुलडोझर तासाच्या बोलीनें आणविला.

हें धूड सकाळीं मोठ्या मिनतवारीनें सुरू होई, टाकी भरलेली असतां निमूटपणें चाले, आणि तेल अर्ध्यावर आलें कीं धापा टाकीत बंद पडे. खालीं मात्र तेलाचा एक थेंबहि दिसेना. चालकाचें मत पडलें कीं पंप गेला. नवा पंप घ्यावा तर वर्गणी संपते, आणि गाळ तळ्यांतच राहतो!

शेवटीं मनमाडहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं पंपास हातहि लाविला नाहीं. गाळणीवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला, तों तेलाबरोबर फेंस आला.

"मिस्त्रीकाका, गळती असती तर तेल सांडलें नसतें का?" मीं विचारलें.

"बाळ, ही गळती तेल बाहेर टाकीत नाहीं, वारा आंत ओढते."

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळींत शोषण असतें. टाकी भरलेली असतां तेलाचा भार फटीवर राहतो. पातळी तिच्याखालीं उतरली कीं तेथून हवा शिरते. या यंत्रांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा पडून पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी करून दाखविलेली युक्ति ती हीच. नळींत हवा असली म्हणजे पंपाचा जोर ती चेपण्यांतच खर्च होतो, व फवारा उडत नाहीं.

परंतु सांधे अनेक, दोषी कोणता? मिस्त्रीकाकांनीं टाकी कांठोकांठ भरविली, सारे सांधे पुसून कोरडे केले आणि त्यांवर खडूची भुकटी फुंकली. (खडू माझ्या धाकट्या बहिणीचा, तिची समजूत घालणें हेंच काम अवघड गेलें.) अर्ध्या तासानें एका सांध्यावरची पांढरी भुकटी काळवंडली. आंतली तांब्याची चकती दबून कठीण झाली होती. ती त्यांनीं चुलींत लाल करून पाण्यांत बुडविली. पोलाद असें विझविलें तर कठीण होतें, तांबें मात्र मऊ पडतें, हें मला तेव्हांच कळलें.

त्या सायंकाळीं टाकी पावाखालीं गेली तरी यंत्र थांबलें नाहीं. मृगापूर्वीं चार दिवस आमच्या वाट्याचा गाळ शेतांत पडला. मिस्त्रीकाकांनीं येण्याजाण्याचें भाडें तेवढें घेतलें.