लिफाफा नांदेडला, कॅप्सूल लातूरला

अश्वगंधेनं झोप लागते की अश्वगंधा घेतली या समाधानानं लागते, हे घरच्या घरी तपासता येतं! प्रयोगशाळा नको, फार खर्च नको. लागतो तो एक विश्वासू मेव्हणा, आणि तोही परगावचा. माझा नांदेडला, मी लातूरला. जमलंच की!

युक्ती अशी. रिकाम्या कॅप्सूल विकत मिळतात, त्या रंगीत घ्यायच्या, आरपार दिसणाऱ्या नकोत. निम्म्यांत अश्वगंधेचं चूर्ण, निम्म्यांत ज्वारीचं पीठ. दिसायला सारख्या, पण वासाचं काय? तो उग्र वास झाकण काढताच नाकात शिरतो. म्हणून प्रत्येक कॅप्सूल फडक्यानं पुसायची आणि सगळ्याच डब्यांत लवंगा टाकायच्या. आठ आठवड्यांचे आठ डबे, चार औषधाचे, चार पिठाचे. क्रम मेव्हण्यानं चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, यादी लिफाफ्यात बंद करायची आणि लिफाफा नांदेडलाच ठेवायचा. बायकोलाही पत्ता लागू द्यायचा नाही. तिनं सहज "आज ताजेतवाने दिसताय" म्हटलं की झालं, खेळ खलास! मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताईपासून लपवायचं म्हणजे औषधापेक्षा अवघड काम दिलंत."

आठच डबे का? खरी गंमत इथंच आहे. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकात चहाचे आठ कप आहेत. चारांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी. चव घेऊन ओळखायचं. असे चार-चार लावायचे प्रकार होतात बरोबर ७०. म्हणजे अंदाजपंचे आठही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. माझे डबे म्हणजे तेच आठ कप!

पण नुसतं ओळखून भागत नाही. पोट जड वाटलं म्हणूनही औषध ओळखू येईल. म्हणून झोपेला रोज सकाळी उठल्या-उठल्या दहापैकी गुण द्यायचे. आधीच्या डब्याचा अंमल उतरावा म्हणून आठवड्याचे पहिले दोन-तीन दिवस हिशेबात धरायचे नाहीत. सगळं लिहून झाल्यावरच लिफाफा फोडायचा.

हे काही फक्त साहेबाचं डोकं नव्हे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती याच वळणाची. कुंडली हुशार मुलाची की बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची, हे ना ज्योतिष्याला ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० कुंडल्या. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. अहो, नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती!

आमच्या लातूरच्या ट्यूशन एरियात पोरांच्या स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्या घेणाऱ्या पालकांनो, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. अशी झाकून तपासलेली चाचणी कुठं झाली आहे का, ते आधी विचारा. आणि माझं ऐकून अश्वगंधा घ्यायला निघाला असाल, तर थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असलेल्यांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.