भेगेवरचे कॅलेंडर

परभणीत पहिले घर घ्यायचे ठरले तेव्हा आम्ही दोघांनी खोल्या मोजल्या, नळाला पाणी कधी येते ते विचारले, पूर्वेची खिडकी पाहून हरखलो. जमिनीविषयी एक अक्षर विचारले नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या, कोपरापर्यंत हात आत जाईल अशा भेगा पाहतच आम्ही वाढलो. तीच माती घराखालीही असते, हे सुचू नये?

घर पंचवीस वर्षांचे, भिंतींवरच तोललेले. विकणारे गुरुजी निवृत्त झालेले. बैठकीच्या खोलीत एक कॅलेंडर अंमळ अवघड जागी, फार उंचावर टांगलेले होते. पंखा सुरू होताच ते हलले आणि मागची भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छताकडे तिरपी चढलेली, वर रुंद होत गेलेली.

‘पावसाळ्यात मिटते ती,’ गुरुजी म्हणाले. ते खरेच सांगत होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

ओळखीच्या अभियंत्याने फरशीवर गोटी ठेवली. ती संथपणे बाहेरच्या, कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात गेली. काळ्या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि सुकले की आक्रसते. घराच्या मध्याखाली ओल टिकते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात खचते, त्यात झाडाची मुळे पाणी ओढतात. गिलाव्यातली केसाएवढी चीर निराळी आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी ही भेग निराळी. मग झाड तोडावे? तर तिथली माती पुन्हा ओल धरून फुगणार, म्हणजे कोपरा उलट वर उचलला जाणार! खाली कंदासारखा फुगवटा असलेले खोल खांब घालणे हा या मातीवरचा नामी इलाज, पण तो घर बांधण्याआधीचा. आता हाती एवढेच, की भोवती फरसबंदी करावी, सांडपाणी दूर न्यावे, ओल शक्यतो सारखी राखावी.

‘भेग हलणारच,’ तो म्हणाला. ‘दर वर्षी तेवढीच हलते की वाढत जाते, ते सांगा.’

ते आम्ही कसे सांगणार? वीस वर्षांचे कर्ज आणि बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम, दोन्ही त्या उत्तरावर टांगलेली. गुरुजी मुकाट्याने उठले आणि त्यांनी कॅलेंडर उतरवले. भेगेच्या टोकापाशी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, प्रत्येकीपुढे साल. दर मे महिन्यात केलेली खूण. आधीच्या रेघांत वीतभर अंतर, नंतरच्या जेमतेम बोटाच्या अंतराने. ज्याने भेग झाकली त्यानेच तिची इतकी इमानी नोंद ठेवावी, याचा राग धरावा की आदर, आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

शेवटची रेघ 2019ची. त्यानंतर गुडघ्यांमुळे शिडी सुटली, असे ते म्हणाले.

घर आम्ही घेतले, किंमत थोडी उतरवून. पहिल्या मे महिन्यात शिडी लावून वर चढलो. भेगेचे टोक शेवटच्या रेघेपुढे दोन बोटे गेले होते. तिथे खूण केली, साल घातले आणि कॅलेंडर पुन्हा टांगले. पाहुणे यायचे होते.