फाइलवाहक

उतारवयात माणसाच्या हातून काहीतरी समाजकार्य घडावे, असे म्हणतात. माझ्या हातून दोन डॉक्टरांमधले टपालखाते चालवण्याचे कार्य घडले.

२०२३ साली आमच्या हिच्या स्तनात गाठ निघाली. केमोथेरपी पुण्याला, घर साताऱ्याला. पुण्याचे डॉक्टर म्हणायचे, "बारीकसारीक तक्रारी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा." साताऱ्याचे म्हणायचे, "आप्पा, आता काय ते त्या मोठ्या डॉक्टरांनाच विचारा." मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर, एस.टी. आणि मी. पण ज्याने सारी हयात बांधकाम खात्यात हजेरीपट लिहिले, त्याने 'न्यूट्रोफिल' हा शब्द खंबाटकी घाटातून शाबूत कसा न्यावा? "त्यांचे न्यूट्रल कमी होते म्हणे," मी सांगितले. डॉक्टर म्हणाले, "कुणाचे? एस.टी.चे?"

पुण्याहून पत्रे जात नव्हती असे नाही. जात होती, पण ज्या सर्जननी आम्हाला पाठवले त्यांना. आमचे डॉक्टर तीस वर्षे हिचा खोकला जिन्यावरून ओळखतात. पत्रांच्या लेखी ते जन्मालाच आले नव्हते.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री हिला १०१ ताप भरला. डॉक्टर बिचारे घरी आले, तपासले. "साथ आहे सगळीकडे. पॅरासिटामॉल द्या, सोमवारी बघू." मी मान हलवली. संसारात माझ्याकडे तेवढेच खाते आहे.

ही पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, ती फाइल आणा बघू इकडे."

शेवटून तिसऱ्या कागदाच्या पाठीमागे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापले होते : ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर थांबू नका, ताबडतोब या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा साधा जंतूही जिवावर उठतो. हा कागद मी महिनाभर काखोटीला मारून हिंडत होतो!

डॉक्टरांनी दोनदा वाचले. बॅग बंद केली आणि स्वतःच गाडी काढली. घाटात कुणी काही बोलले नाही. रात्री दोनला हिच्या शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. पहाटे हिने चहा मागितला, तेव्हा मी बाहेर जाऊन चष्मा पुसून आलो.

सकाळी राउंडला दोन्ही डॉक्टर प्रथमच समोरासमोर आले. नमस्कार झाले, फोन नंबरांची देवघेव झाली. मग दोघेही एकदम माझ्याकडे वळून म्हणाले,

"अहो, हे आधी सांगायचं नाही का?"

त्यांचे ते पहिले एकमत.