हुन्नर आणि व्यवहार

नवा धंदा काढावयाचा तर त्यांत हुन्नर थोर कीं व्यवहार, हा वाद दोन वर्षांपूर्वीं आमच्या बोरीच्या घरीं उभा राहिला. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें पुण्यास यंत्रशास्त्राची पदवी घेतली आणि घरीं येऊन परसांतील गोठ्यांत सोयाबीन टोकण्याचें हातयंत्र तयार केलें. भांडवल एकत्र कुटुंबाचें. विक्री वडील बंधूंच्या चिरंजीवाकडे, कारण गांवांतील अडतीचें दुकान तोच पाहतो. नफ्याची वांटणी ठरवितांना आम्हीं रुपयांतील बारा आणे पदवीधरास आणि चार आणे दुकानदारास सुचविले. पिढ्यान्‌पिढ्या विद्येस मान देणाऱ्या घरास तें न्याय्यच वाटलें. दुकानदार कांहीं बोलला नाहीं. वहिनी मात्र दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलल्या.

त्या मृगांत वीस यंत्रें केलीं, खपलीं तीन. "लोकांस कळत नाहीं," असें पदवीधराचें मत पडलें. दुकानदार बांधाबांधांवरून हिंडला आणि दोन गोष्टी ऐकून आला. टोकणी करतात बाया, आणि यंत्राची मूठ पुरुषाच्या उंचीची! शिवाय पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा पैसा बियाण्यांत नि खतांत अडकलेला असतो. तो सुटतो दिवाळीच्या सुमारास. मूठ खालीं आणली, निम्मी किंमत सुगीवर ठेविली, आणि पुढल्या वर्षीं उरलेलीं सतराहि गेलीं. अर्थात्‌ बीं न अडकणारी चकती पदवीधराचीच करणी. ती नसती तर सतराहि यंत्रें परत आलीं असतीं.

वाचकहो, येथें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें स्मरण होतें. त्यांच्यासारखा कसबी विरळा. तरीहि त्यांचे पहिले लोखंडी नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. त्यापूर्वीं, १८८८ सालापासूनच्या सायकलींच्या धंद्यांत, लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधु रामूअण्णा त्या बेळगांवास विकीत. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं पुतणे शंकरराव यांनीं 'किर्लोस्कर खबर' काढून कारखान्याची वार्ता दूरवर नेली. हुन्नरास असे सोबती लाभले म्हणून तो घरोघरीं पोंचला.

व्यवहार म्हणजे जीभ, असें आम्ही समजत होतों. तो मुख्यत्वें कान आहे, हें आम्हांस उतारवयांत कळलें. वांटणी आतां आठ-आठ आण्यांची झाली आहे. गोठ्यावर दोघांच्या नांवांची पाटी लागावयाची आहे. पहिलें नांव कोणाचें, हें विचारण्याचें धैर्य मात्र आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.