फळीची निवड

आमचें गगनबावडा सह्याद्रीच्या माथ्यावर. येथें पावसाला तोटा नाहीं. समुद्र मात्र घाटाखालीं. अशा गांवच्या शिक्षकानें लाटांवर स्वार होण्याच्या फळीविषयीं लिहावें, हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु जो धडा मी वीस वर्षें इतरांस शिकवीत आलों, तोच ह्या फळीनें मला शिकविला. म्हणून ही हकीकत सांगतों.

माझा भाचा मालवणनजीक देवबागेस राहतो. हातीं वल्हें घेऊन, फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याची कला पर्यटकांस शिकवावी, असा त्याचा मानस. ह्या फळीस स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात. इ. स. २००० च्या सुमारास हवाई बेटांत हा खेळ नव्यानें लोकप्रिय झाला व तेथून जगभर पसरला. दोन हंगामांची शिल्लक जमवून भाच्यानें निरोप धाडला, "मामा, एकच फळी घेतां येईल. तुम्ही शिकलेले, निवडावयास या." मी करूळ घाट उतरून गेलों.

दोन फळ्या समोर होत्या. एक आठ फूट लांब, टोकदार, तांबडीभडक. तिजवर १०० लिटर असा आंकडा. दुसरी दहा फूट लांब, ३१ इंच रुंद, गोल नाकाची, फिक्या रंगाची, १७० लिटरची. हिला लाँगबोर्डच्या धाटणीची म्हणतात. मीं तत्काळ तांबडीकडे बोट दाखविलें. तरुणास चपळ वस्तूच शोभते, असें माझें ठाम मत!

"मामा, आधीं उभे राहून तर बघा," भाचा म्हणाला.

सात वेळां उभा राहिलों, सात वेळां पडलों. नडगीस फळीची कड लागली ती निराळीच. तेव्हां भाच्यानें नम्रपणें विचारिलें, "मामा, तुम्ही वर्गांत आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवितां ना? मग हा लिटरचा आंकडा कशासाठीं असेल?"

मी ओशाळलों. एक लिटर समुद्रजलाचें वजन सुमारें १.०२५ किलोग्रॅम. म्हणजे पूर्ण बुडाल्यावर ती फळी १०२ किलोंचा भार पेलणार. माझें वजन ७८, फळीचें आठ-नऊ. उरले जेमतेम पंधरा! पाण्यावर ती मला धरी, पण स्थिर ठेवीना.

मग दुसरी घेतली. तिच्यावर पाय ठरले. गुडघ्याएवढी एक संथ लाट मागून आली आणि तिनें मला अलगद किनाऱ्याकडे नेलें. लांब व सपाट तळामुळें ही फळी मंद लाटही लवकर पकडते. रुंदीमुळें तोल राहतो. मागील मोठा फिन व बाजूचे दोन लहान फिन तिला सरळ ठेवितात. तिच्यांत उणिवाही आहेत. ती चटकन् वळत नाहीं, आणि उभ्या लाटेवर तिचें नाक पाण्यांत रुततें. भाच्यानें हें सारें जाणून तीच घेतली. कारण शिकावयास येणारे नवखे व नाना वजनांचे, आणि त्यांच्यासाठीं तो निवडणार त्या लाटा सौम्य. पावसाळ्यांत तर जलक्रीडा बंदच असतात. वल्हें त्यानें डोक्याहून वीतभरच उंच घेतलें, आणि फळी सुटून कोणास लागूं नये म्हणून पायास बांधावयाची दोरीही घेतली. वल्हें असणाऱ्यास लाट आधीं मिळते. यास्तव इतरांची पाळी हिरावूं नये, हा नियमही त्यानें मला बजाविला.

घाट चढून परततांना मला एक विद्यार्थी आठवला. दोन वर्षांपूर्वीं त्याचा कल न पाहतां, केवळ नांवलौकिकास भुलून, मीं त्यास विज्ञानशाखा घ्यावयास लाविली होती. वर्षभरांत तो खचून घरीं परतला. दोष त्याचा नव्हता, शाखेचाही नव्हता, निवडणाराचा होता. घरीं पोहोंचतांच मीं त्यास पत्र लिहिलें व त्याची क्षमा मागितली. आतां तो आपल्या आवडीचें सुतारकाम शिकत आहे.

पालकहो, मुलांसाठीं वाट निवडतांना आधीं त्यांचें वजन आणि त्यांच्यापुढील लाट पाहा. रंग शेवटीं पाहिला तरी चालेल.